रात्री दोन वाजता आवाज गेला तर?

‘ताई, मी जन्मापासून अंध. वय ३८. मंगळवार पेठेत घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शाहीर, हलगीवाले, रिक्षावर फिरवायच्या जाहिराती आणि गेली दोन वर्षं बोलकी पुस्तकं. विंडोज ७, त्यावर रेकॉर्डिंगचं सोनार ८.५ आणि पडदा वाचून दाखवणारं जॉज, साउंड कार्ड फायरवायरचं. चौदा वर्षं हेच. गेल्या महिन्यात मशीन दोनदा रेकॉर्डिंगच्या मध्येच बंद पडलं. भिशीचे ९० हजार हातात आलेत. पुतण्या म्हणतो, “काका, मॅकच घ्या.” दुकानदार टचस्क्रीनचा मिक्सर दाखवतोय. घरात मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप आहे, पण त्याला मी हात लावलेला नाही. गणपतीला अजून अडीच महिने आहेत, त्याआधी सगळं एकदम बदलून टाकू का? खरं सांगायचं तर भीती पैशाची नाही. या कळांवर माझी बोटं बसलीत. या वयात परत उमेदवारी करायची?’
मागच्या खोलीतला, मंगळवार पेठ, कोल्हापूर

भाऊ,

पत्र दोनदा ऐकलं. एकदा उत्तर द्यायचं म्हणून आणि एकदा ‘सोनार ८.५’ हे शब्द परत कानावर पडावेत म्हणून. आपल्यातल्या किती जणांचा संसार त्या आकड्यावर थांबला! २०१० च्या शेवटी सोनारचं एक्स १ आलं, पडद्याची सगळी मांडणी बदलली आणि जॉजसाठी लिहिलेली आपली स्क्रिप्टं तिथं मुकी झाली. डोळस पुढं गेले, आपण ८.५ ची उशी करून झोपलो. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं सोनार बनवणाऱ्या केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी ते बँडलॅबकडं गेलं. एवढी उलथापालथ होऊनही तुमची मागची खोली सुरू राहिली. ‘काका जुनं कवटाळून बसलेत’ असं पुतण्या म्हणत असेल तर त्याला माझ्याकडं पाठवा.

पण मशीन दोनदा बंद पडलं म्हणताय, तिथं मात्र घाई करा. खरेदीची नव्हे, सामान बाहेर काढायची.

तुम्ही पुढं ज्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरकडं जावं असं मी सांगणार आहे ते रीपर, आणि सोनारची प्रोजेक्ट फाइल ते उघडत नाही. म्हणून ज्या कामांना परत हात लागेल असं वाटतं ती एकेक उघडा आणि एक्सपोर्ट ऑडिओमध्ये सोर्स म्हणून ट्रॅक्स निवडून प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढा. सगळ्या फाइलींची सुरुवात एकाच जागेपासून, शून्यापासून. पखवाज चौथ्या मिनिटाला येत असला तरी त्याच्या फाइलीत आधीची चार मिनिटं शांतता असलीच पाहिजे. मग उद्या त्या कशातही टाका, आपोआप एका रेषेत बसतात. एक संच इफेक्ट न लावता, आणि तयार मिक्सची एक फाइल वेगळी. मिडी असेल तर तीही सुटी. लय, ताल, पट्टी फाइलीच्या नावातच लिहून टाका. डोळस लोक ट्रॅकला रंग देतात, आपल्याला नावच ऐकू येतं.

हे सगळं दोन डिस्कवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठं, याचाही जरा विचार करा. २०१९ च्या पुरात माझी बॅकअपची डिस्क ‘सुरक्षित’ म्हणून शाहूपुरीतल्या मैत्रिणीकडं होती. तळमजल्यावर. पुढचं सांगत नाही.

मशीन मध्येच का बंद पडतं तेही बघून घ्या. चौदा वर्षांची धूळ आणि थकलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), एवढंच निघण्याची शक्यता बरीच आहे. गल्लीतला कुठलाही संगणक दुरुस्तीवाला अर्ध्या तासात तपासून देईल. तोवर त्याची नेटची वायर काढून ठेवा. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० लाच सोडलंय, त्या मशीननं आता फक्त रेकॉर्डिंग करावं.

आता तुमच्या प्रश्नाकडं. सगळं एकदम बदलू का? नका. मी कुठलीही वस्तू घेताना स्वतःला एकच विचारते: रात्री दोन वाजता, घरात डोळस कुणी जागं नसताना, याचा आवाज गेला तर तो मी एकटीनं परत आणू शकेन का? नवी वस्तू किती गोड वाजते ते नंतर. सगळं एका दिवशी बदललं की आवाज कुणामुळं गेला हेच कळत नाही. कार्डामुळं, विंडोजमुळं, सॉफ्टवेअरमुळं की आपल्याच बोटामुळं? डोळस माणूस दिवे बघत सुटतो. आपल्याला एकेक वस्तू बाजूला करत जावं लागतं, आणि त्यासाठी बाकीच्या वस्तू ओळखीच्या असाव्या लागतात.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी शनिवारी नवा लॅपटॉप, नवं कार्ड, नवं सॉफ्टवेअर असं सगळं मांडलं आणि रविवारी एका भजनी मंडळाला बोलावलं. दहा माणसं, पखवाज, टाळ, पेटी. बुवांनी ‘विठ्ठल’ म्हणून असा सूर लावला की अंगावर काटा आला. रात्री ऐकते तर त्या सुराच्या ऐन शेपटाला एक बाई इंग्रजीत सांगतेय, ‘बॅटरी ट्वेंटी पर्सेंट’. स्क्रीन रीडर आणि रेकॉर्डिंग एकाच कार्डातून चाललं होतं आणि कार्डाचं लूपबॅक, म्हणजे संगणकाचा आवाज परत रेकॉर्डिंगमध्ये घेणारी सोय, सुरू होतं. ते सुरू आहे हे सांगायला दिवा होता म्हणे. हिरवा. बुवा मोठ्या मनाचे, म्हणाले, ‘ती बाई पण देवाचंच नाव घेत असंल.’ परत येऊन गायलेही. पण तो सूर काही परत आला नाही.

म्हणून तुमची सुरुवात जवळजवळ शून्य रुपयांची. एक बरा, वेगवान पेनड्राइव्ह घ्या. त्यावर एनव्हीडीए या फुकटच्या स्क्रीन रीडरची पोर्टेबल, म्हणजे संगणकावर न बसवता चालणारी, प्रत टाका, मग रीपर टाका. रीपरच्या इन्स्टॉलरमध्येच पोर्टेबल इन्स्टॉलचा पर्याय आहे. त्यानंतर त्याच फोल्डरात ओसारा. आख्खा स्टुडिओ एका पेनड्राइव्हवर. तो मुलीच्या लॅपटॉपला लावा, तिच्या एकाही फाइलीला धक्का न लावता तुमची तालीम सुरू. काम झालं की काढून खिशात.

रीपर कुणाचं, तर जस्टिन फ्रँकेलचं. विनॅम्प बनवणारा तोच. आपल्या पिढीच्या अंध पोरांनी कळांवरून गाणी लावायला ज्या विनॅम्पवर शिकलं, त्याच हातचं आहे म्हटल्यावर मला तरी निम्मा विश्वास तिथंच बसला. ओसारा हे रीपरला बोलकं करणारं फुकटचं जोडसॉफ्टवेअर. ते जेम्स टेहनं सुरू केलं. हा स्वतः अंध, आणि मायकेल करननं २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीएच्या पहिल्या दोन शिलेदारांपैकी एक. म्हणजे स्क्रीन रीडर लिहिणाऱ्यानंच रेकॉर्डिंगचं दार उघडून दिलंय. ओसारा बसवताना ‘कीमॅप (कळांची मांडणी) बदलू का’ असं विचारतं, हो म्हणा.

रीपर ६० दिवस विनामूल्य चालतं, त्यात एकही गोष्ट कापलेली नसते. पुढं परवाना ६० डॉलरचा, आपले पाच-साडेपाच हजार. धंद्यासाठी वापरत असलात तरी वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असली की हाच दर. आवृत्ती ७ वर घेतलेला परवाना ८ संपेपर्यंत चालतो. आपण दोघंही त्या उलाढालीच्या कितीतरी अलीकडं आहोत, तेव्हा काळजी नाही.

आता उमेदवारीचं. ओसारा असताना रीपरमध्ये एफ १२ दाबलं की कळांची मदत सुरू होते. मग कुठलीही कळ दाबा, ती काय करते ते नुसतं ऐकू येतं, होत काहीच नाही. परत एफ १२ दाबलं की बंद. मी पहिले आठ दिवस रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास फक्त एवढंच करायचे, लहान पोरानं पेटीच्या पट्ट्या दाबून बघाव्यात तसं. वरखाली बाणांनी ट्रॅकांवर फिरायचं, एफ ५ म्यूट, एफ ६ सोलो, एफ ७ रेकॉर्डसाठी सज्ज. स्पेसबार तुमचा जुनाच. आणि जी कळ बोटात घट्ट बसली आहे ती सोडायची गरजच नाही. ॲक्शन्सच्या यादीत कुठल्याही कामाला हवी ती कळ लावता येते. सोनारमध्ये नुसत्या आर वर रेकॉर्डिंग सुरू व्हायचं ना? रीपरच्या मूळ मांडणीत ते कंट्रोल आर वर आहे. तुमच्या बोटाला आर हवा असेल तर आर द्या. मी माझ्या सोनारच्या अकरा कळा अशाच नव्या घरात आणल्या. त्यातल्या सहा पुढं माझ्या मीच काढून टाकल्या, कारण रीपरच्या बऱ्या निघाल्या. पण ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

एक गोष्ट तुम्हाला सोनारपेक्षा नक्की आवडेल. ओसारामध्ये पीक वॉचर म्हणून सोय आहे. ट्रॅकची पातळी किती वर गेली ते आकड्यात ऐकता येतं, ठरवलेली पातळी ओलांडली तर ते स्वतःहून सांगतं. हलगीसाठी हे सोनं आहे. हलगीचा फटका इतका क्षणात येतो की कान ‘फाटलं का?’ असं विचारेपर्यंत तो गेलेला असतो. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय ना, मग सर्वांत मोठा फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. खाली भरपूर जागा आहे. गेन चढवून ‘भरलेला’ आवाज घ्यायची सवय कॅसेटच्या काळातली, तेव्हा टेपची खरखर झाकायची असायची.

मॅकबद्दल. पुतण्याचं म्हणणं चुकीचं नाही. व्हॉइसओव्हर २००५ पासून मॅकच्या आतच आहे, वेगळा पैसा नाही. ॲपलचं रेकॉर्डिंगचं लॉजिक त्यावर चांगलं चालतं, रीपर आणि ओसारासुद्धा चालतात. मोठ्या स्टुडिओंतलं प्रो टूल्स तर अंध ध्वनिमुद्रकांनी मॅकवरच काबीज केलं. २०१७ मध्ये आलेली फ्लो टूल्सची साधनं त्यासाठीच आहेत, आणि न्यूयॉर्कचे स्लाऊ हलातिन हे अंध ध्वनिमुद्रक त्यात पुढं होते. तुम्हाला मोठ्या डोळस स्टुडिओंबरोबर प्रो टूल्सच्या फाइलींची देवाणघेवाण करायची असती तर मीच म्हणाले असते, घ्या मॅक. पण तुमचं काम ते नाही. मॅक घेतलात तर नवा स्क्रीन रीडर, नवी कळफलक-भाषा, नवं सॉफ्टवेअर, तिन्ही एकदम, आणि तेही गणपतीच्या तोंडावर. शिवाय आजच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जेवढी घ्याल तेवढ्यावर आयुष्य. पुतण्या कोल्हापुरात राहून रोज तुमच्या शेजारी बसणार आहे का? नसेल तर त्याचा आग्रह प्रेमापोटी आहे असं समजून सोडून द्या.

टचस्क्रीनच्या मिक्सरचं एका वाक्यात सांगते. काचेला खाच नसते. दुकानदाराला म्हणावं, डोळे मिटून तिसऱ्या चॅनेलचा गेन दोन डेसिबल कमी करून दाखव, मग बोलू.

साउंड कार्डावर मात्र वेळ घालवू, कारण आपल्या हाताखाली दिवसभर तेच असतं. फायरवायर आता नव्या लॅपटॉपवर मिळत नाही, तेव्हा ते जाणारच. यूएसबीचं घ्या, दोन माइकचं पुरे. दुकानात ते वाजवून बघायच्या आधी चाचपून बघा. गेनचा नॉब दोन्ही टोकांना अडतो का? अडत असेल तर घड्याळाच्या काट्यासारखी जागा लक्षात ठेवता येते. निवेदनाला दहावर, हलगीला आठवर. काही नव्या कार्डांचे नॉब गोल गोल फिरतच राहतात, कुठं आहेत ते फक्त दिव्यांच्या कड्यावरून कळतं. तशी वस्तू घ्यायची तर तिचं संगणकावरचं कंट्रोल सॉफ्टवेअर एनव्हीडीए वाचतो का, हे आधी ऐकल्याशिवाय नाही. कंडेन्सर माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर दाबल्यावर आत बसतो की नुसता दिवा लागतो? बेहरिंगरच्या यूएमसी २०२ एचडीला तो खटका मागच्या बाजूला आहे, बोटाला सापडतो. दिवाच लागणारं बटण असेल तर कंडेन्सर माइक लावून ऐकल्याशिवाय फँटम चालू की बंद ते कळायचं नाही. जुना रिबन माइक कुणी आणून लावला तर ही बाब महागात पडू शकते.

फोकसराइटच्या स्कारलेट टू आय टू ची चौथी पिढी २०२३ मध्ये आली. त्यात ऑटो गेन आहे. बटण दाबायचं, कलाकाराला दहा सेकंद वाजवायला सांगायचं, कार्ड स्वतःच गेन लावतं. क्लिप सेफ म्हणून दुसरी सोय आहे, आवाज फाटायच्या बेताला आला की ते गेन खाली घेतं. मीटर बघता येत नाही त्याच्यासाठी हे उपयोगाचं, फक्त हलगीवाल्याला त्या दहा सेकंदांत पूर्ण ताकदीनं वाजवायला सांगा. आपले गडी चाचणीला हळू वाजवतात आणि रेकॉर्ड सुरू झालं की त्यांना जोश येतो. लहान भाऊ सोलो म्हणून मिळतो, त्यात या दोन्ही सोयी नाहीत, तेव्हा पाकिटावरचं नाव कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.

घरी आणल्यावर नॉबच्या टोकाला एम-सीलचा छोटा ठिपका द्या. मी तर उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून नॉबांना खाचा पाडून घेतल्या. चहाच्या पैशात झालं काम. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथं नॉबला खाच पाडायला कोण नाही म्हणणार?

आता ‘बॅटरी ट्वेंटी पर्सेंट’वाल्या बाईचा बंदोबस्त. दोन आवाजांना दोन वाटा. रीपरला नव्या कार्डाचा आसिओ ड्रायव्हर (कार्डाशी थेट बोलणारी वाट) द्या. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ऑडिओचं पान आहे, तिथं आउटपुट म्हणून लॅपटॉपचं स्वतःचं साउंड निवडा. आणि कार्डाला लूपबॅक असेल तर ते बंद आहे याची पहिल्याच दिवशी खात्री करा. लॅपटॉपच्या जॅकला साधा इयरफोन लावून त्याचं एक बोंडूक डाव्या कानात, त्यावरून कार्डाचा बंद हेडफोन. चमत्कारिक दिसतं, असं मला सांगतात. दिसू दे. एनव्हीडीए बोलायला लागताना पहिलं अक्षर खाल्ल्यासारखं वाटलं तर ते लॅपटॉपचं साउंड मध्ये डुलकी काढत असल्यामुळं. एनव्हीडीएच्या त्याच ऑडिओच्या पानावर त्याला जागं ठेवायची वेळ वाढवता येते. ब्लूटूथ यातल्या कशालाही नको. तो आवाज इतका मागून येतो की कळ दाबल्यावर आपण दाबली की नाही अशी शंका येते. बोलक्या पुस्तकाच्या वेळी माइकपासून तो इयरफोनही लांब ठेवावा लागतो, कंडेन्सर माइक कानातली कुजबुजही पकडतो. तिथं मी एनव्हीडीए आणि एस दाबून बोलणंच बंद करते आणि मजकूर ब्रेलमध्ये वाचते. बोटांचा आवाज होत नाही. ब्रेल डिस्प्ले या ९० हजारांत बसवायचा अट्टहास मात्र नको, छापील ब्रेलवर अजून वर्षभर भागेल. आणि हो, ई-स्पीकचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी हसाल. तिसऱ्या आठवड्यात ते दुप्पट वेगानं ऐकत असाल.

गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो अशी तक्रार आली तर आसिओच्या पानावर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हातात घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा करा. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला १२८ म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. जायला-यायला मिळून दुप्पट-तिप्पट धरा, तरी कुणाला कळत नाही. मिक्सिंगला परत वाढवून ठेवा.

संगणक सर्वांत शेवटी, गणपतीनंतर. निम्मे पैसे त्याला ठेवा. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, मधल्या दर्जाचा प्रोसेसर, तुमच्या कामाला एवढं भरपूर. लॅपटॉपच घ्या. आपल्याकडं वळिवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. बाहेरून नंबरपॅडचा पूर्ण कीबोर्ड लावा, एनव्हीडीएची निम्मी कामं नंबरपॅडवर आहेत. सेकंडहँडचा मोह होईल, बाजारात सध्या स्वस्तात पुष्कळ येतायत. त्यामागचं कारण असं, की विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. कंपन्या तीच मशीनं काढून टाकतायत. दुकानात गेलात की कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबा, नॅरेटर बोलायला लागेल. मग तुमचा पेनड्राइव्ह लावा आणि दुकानातच एक ट्रॅक रेकॉर्ड करून बघा. पंखा किती घुरघुरतो तेही त्याच वेळी कळेल. ‘घरी जाऊन बघा’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

प्लगइनवर, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोडसॉफ्टवेअरवर, आत्ता एक पैसाही नको. रीपरबरोबरचे रीआ-ईक्यू, रीआ-कॉम्प, रीआ-गेट तुमच्या सगळ्या कामाला पुरतात, आणि त्यांचे सगळे आकडे ओसारा यादीसारखे वाचून दाखवतो. पुढं कुठला विकत घ्यावासा वाटलाच तर आधी त्याची चाचणी प्रत घेऊन ही यादी उघडा. ‘पॅरामीटर १, पॅरामीटर २’ असलं काही ऐकू आलं, किंवा काहीच आलं नाही, तर तो कितीही नावाजलेला असो, आपल्यासाठी ते बंद कपाट.

बोलक्या पुस्तकांसाठी घेणारी संस्था मापं देत असेल तर तीच पाळा. देत नसेल तर ऑडिबलच्या एसीएक्स या बोलक्या पुस्तकांच्या मंचाची धरा, सगळी डेसिबलमध्ये: सरासरी पातळी आरएमएस उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ च्या खाली, खोलीची शांतता उणे ६० किंवा त्याहून कमी. मंगळवार पेठेत ती शांतता पहाटे साडेचारला सापडेल, तीही दूधवाला यायच्या आत. एसडब्ल्यूएस म्हणून रीपरचं आणखी एक फुकटचं जोडसॉफ्टवेअर आहे, ते लाउडनेसचा हिशेब आकड्यांत देतं, स्क्रीन रीडरला वाचता येतो.

शाहिरांच्या बाहेरच्या कार्यक्रमाला जात असाल तर झूमचे इसेन्शियल मालिकेतले रेकॉर्डर हातात घेऊन बघा. २०२४ मध्ये आले. मेनू बोलून दाखवतात, इंग्रजीत का होईना. ३२ बिट फ्लोट असल्यामुळं गेनचा नॉबच नाही, पोवाड्याच्या ‘जी जी’ला आवाज चढला तरी फाइल फाटत नाही. माइकच्या तोंडाशीच हलगी धरली तर मात्र माइकच हात टेकतो, तिथं ३२ बिट काय करणार? त्यातला सर्वांत लहान, एच १ इसेन्शियल, यूएसबीनं संगणकाला जोडला की साउंड कार्डाचंही काम करतो. मशीन गणपतीत परत बंद पडलंच, तर हा आणि मुलीचा लॅपटॉप मिळून तुमची अडलेली रात्र निघेल. म्हणून मी तर कार्डाच्याही आधी हा घ्या म्हणेन.

९० हजार कमी पडले तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) घेऊन महापालिकेत दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीची चौकशी करा. स्वयंरोजगारासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्जही असतं. कागदं गोळा करण्यात जीव जातो, पण भिशीपेक्षा व्याजाला बरं पडतं.

तर हे अडीच महिने असे घालवा: हा आठवडा फाइली बाहेर काढण्यात, पुढचे ६० दिवस मुलीच्या लॅपटॉपवर रीपर. पहिला महिना फक्त रिक्षाच्या जाहिराती नव्यावर करा. तीस सेकंदांचं काम, बिघडलं तर परत बोलून टाकता येतं. भजनं आणि शाहीर जुन्या मशीनवरच. दुसऱ्या महिन्यात बोलक्या पुस्तकाचं एक प्रकरण. गणपतीचं कुठलंही काम नव्यावर घेऊ नका, बोटं कितीही शिवशिवली तरी.

पुतण्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नका. त्याच्याकडून जुन्या कार्डाच्या मागच्या सगळ्या भोकांची नावं मोठ्यानं वाचून घ्या आणि कुठली वायर कुठं जाते ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. परत जोडायची वेळ आली तर ते लागेल. आणि त्याला विचारा, पेनड्राइव्हवर रीपर टाकताना पोर्टेबलची खूण केली होती ना? माझ्या भाचीनं केली नव्हती. सगळं तिच्या लॅपटॉपवर जाऊन बसलं, आणि मी आठवडाभर रिकामा पेनड्राइव्ह खिशात घेऊन हिंडत होते.

तुमची,
ताई